सायबरपंक २०७७ पीसीवर सुरळीत कसा चालवावा: आधी अडतंय कुठे ते शोधा

"आत्या, सगळं लोवर टाकलं तरी गेम अडकतोच गं." सुट्टीला नागपूरला आलेल्या भाच्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. सायबरपंक २०७७ सुरू होता. गेममधल्या नाइट सिटी या शहरात, जपानटाउन भागातल्या जिग-जिग स्ट्रीटवरच्या गर्दीत तो वळला की चित्र क्षणभर थबकायचं आणि मग झटक्याने पुढे जायचं. कुठल्याशा व्हिडिओत पाहून त्याने सावल्या, धुकं, प्रतिबिंबं सगळं खाली आणलं होतं. चित्र पार पुसट झालेलं आणि झटके मात्र जसेच्या तसे.

मी टास्क मॅनेजर उघडला. ग्राफिक्स कार्ड जेमतेम साठ टक्के काम करत होतं आणि रॅम काठोकाठ भरलेली. मेमरीच्या पानावर खाली लिहिलं होतं: स्लॉट्स यूज्ड, १ ऑफ २. आठ जीबीची एकच स्टिक! दुकानदाराने "गेमिंगचा आहे, डोळे झाकून घ्या" म्हणून तो लॅपटॉप दिला होता. ग्राफिक्सची सेटिंग कितीही खाली नेली असती तरी दुसऱ्या स्लॉटमध्ये रॅम बसल्याशिवाय तो गेम सुधारणार नव्हता.

ओपन वर्ल्ड गेम, म्हणजे मोठ्या जगात मनासारखं भटकता येणारा गेम, नीट चालत नसला की आपण आधी सेटिंगला हात घालतो, आणि नेमकं तेच शेवटी करायचं असतं. आधी मोजायचं, मग अडथळा शोधायचा, मग बदल करायचा. सायबरपंकवर हे शिकून घेतलंत की दुसऱ्या कुठल्याही मोठ्या गेमला हीच रीत लावता येते.

पायरी १: तुमचं मशीन कुठे बसतं ते पाहा

हा गेम पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने १० डिसेंबर २०२० रोजी आणला. तेव्हा जीटीएक्स १०६०चं सहा जीबीचं कार्ड 'रेकमेंडेड' यादीत होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेट आणि फँटम लिबर्टी हा विस्तार आला, आणि तेच कार्ड 'मिनिमम'मध्ये जाऊन बसलं. म्हणून जुने व्हिडिओ पाहून अंदाज बांधू नका. आज किमान म्हणून कोअर आय७-६७०० किंवा रायझन ५ १६००, १२ जीबी रॅम आणि ७० जीबी मोकळी जागा असलेली एसएसडी लागते, आणि एवढ्यावर मिळतात ते १०८० पिक्सेल, लो सेटिंग, ३० फ्रेम (म्हणजे सेकंदाला ३० चित्रं). हाय सेटिंगवर ६० फ्रेम हवे असतील तर कंपनी आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ५७०० एक्सटी आणि १६ जीबी रॅम सांगते. साध्या हार्ड डिस्कचा आधार २.० पासून काढून घेतला आहे. गाडी वेगात हाकताना पुढचा चौक डिस्कवरून वेळेत यावा लागतो. हार्ड डिस्क तिथे मागे पडते, आणि हे दुखणं सेटिंग बदलून बरं होत नाही.

विकत घ्यायचा आहे पण चालेल की नाही याची खात्री नाही? स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास कथेत घालवू नका, खालच्या चाचणीसाठी वापरा.

पायरी २: मोजण्याआधीची झाडलोट

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्येच आहे ना? मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचलेली केबल मी ओळखीच्यांच्या घरी दोनदा पाहिली आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६०वर चालवणारे आहेत. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानावर) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो हा रॅमच्या वेगाचा पर्याय चालू करा, नाहीतर महागडी रॅम मूळच्या संथ वेगानेच धावते. लॅपटॉप चार्जरला लावा आणि पॉवर मोड परफॉर्मन्सवर ठेवा. ग्राफिक्स ड्रायव्हर ताजा करा, ब्राउझर बंद करा.

लॅपटॉपवाल्यांना आणखी एक सांगते. आरटीएक्स ४०६० हे नाव दोन लॅपटॉपवर सारखंच लिहिलेलं असलं तरी एकात कार्डाला ११५ वॅट किंवा त्याहून जास्त मिळतात, तर सडपातळ मॉडेलमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. मित्राच्या आकड्यांशी स्वतःच्या आकड्यांची तुलना करण्याआधी हे बघा.

पायरी ३: मोजा, आणि योग्य तेच मोजा

गेमच्या सेटिंगमध्येच बेंचमार्कचं, म्हणजे ठरलेल्या वेगचाचणीचं, बटण आहे. फेब्रुवारी २०२२च्या १.५ पॅचपासून ते मिळालं. तीनदा चालवा आणि पहिला निकाल सोडून द्या. मात्र तेवढ्यावर विसंबू नका, कारण बेंचमार्क प्रोसेसरला पुरेसा दमवत नाही. खऱ्या खेळासाठी एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर बसवा, खेळताना आकडे पडद्यावर दाखवणारे हे प्रोग्राम आहेत. पडद्याच्या कोपऱ्यात एवढंच दिसू द्या: फ्रेम, १ टक्का लो, फ्रेम टाइमचा आलेख, कार्डाचा वापर आणि तापमान, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम.

सगळ्यात जास्त लक्ष फ्रेम टाइमवर, म्हणजे एक चित्र तयार व्हायला लागणाऱ्या वेळावर, द्या. ६० फ्रेमला प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावं लागतं, ३० फ्रेमला ३३.३. सरासरी ६० दिसत असली तरी अधूनमधून एखादं चित्र ८० मिलिसेकंद घेत असेल, तर हाताला झटका लागतोच आणि सरासरीत तो दिसत नाही. म्हणून १ टक्का लो पाहायचा. सगळ्यात संथ एक टक्का चित्रं कुठल्या वेगाने आली, ते हा आकडा सांगतो. सरासरी ७५ आणि लो ३० असलेल्या खेळापेक्षा सरासरी ५० आणि लो ४५ असलेला खेळ हाताला कितीतरी गोड लागतो. आलेखाची रेघ सपाट असणं महत्त्वाचं.

आता मार्ग ठरवा. शहराबाहेरच्या बॅडलँड्सच्या ओसाड भागात फ्रेम भरपूर मिळतात, तिथे मोजून काही कळत नाही. दिवसा जिग-जिग स्ट्रीट किंवा चेरी ब्लॉसम मार्केट पायी फिरा, मग गाडी घेऊन भर शहरातून सुसाट जा. फँटम लिबर्टी असेल तर डॉगटाउनमध्ये जाच. मूळ शहरापेक्षा तो भाग प्रोसेसरला जड आहे. दर वेळी तीच सेव्ह फाइल, तोच रस्ता, तेवढाच वेळ. सगळ्यात वाईट जागी जे मिळतं, तीच तुमच्या मशीनची खरी ताकद.

पायरी ४: अडतंय कुठे?

त्या वाईट जागी उभे राहा आणि आकडे वाचा.

कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा. हे सगळ्यात सोपं दुखणं, सेटिंग कमी केली की लगेच गुण येतो.

वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि फ्रेमवर कुठलीही मर्यादा घातलेली नाही? मग कार्ड कोणाची तरी वाट पाहत बसलं आहे, आणि तो बहुतेक वेळा प्रोसेसर असतो. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढले नाहीत तर प्रोसेसरच अडतोय. एकूण प्रोसेसरचा वापर ५० टक्के दिसतोय म्हणून फसू नका. एकच कोअर पूर्ण भरला तरी बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. नाइट सिटीतला प्रत्येक पादचारी, प्रत्येक गाडी आणि त्यांची हालचाल याचा हिशोब प्रोसेसरकडे असतो. चित्राचा दर्जा कमी केला तरी रस्त्यावरची माणसं तेवढीच राहतात. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपमध्येही कार्ड असंच वाट पाहत होतं, फक्त तिथे मूळ दुखणं रॅमचं होतं, ते खाली सांगते.

रे ट्रेसिंगचा, म्हणजे प्रकाशाचे किरण हिशोबाने काढण्याचा, भार फक्त कार्डावर पडतो हा समज चुकीचा आहे. प्रकाशाच्या किरणांसाठी गेमला आसपासच्या वस्तूंची एक वेगळी रचना सतत ताजी ठेवावी लागते, त्यात प्रोसेसरही खर्ची पडतो. प्रोसेसर आधीच दमलेला असेल तर रे ट्रेसिंग आधी बंद करा.

व्हीरॅमचं लक्षण वेगळं. गेम सुरू केल्यावर छान चालतो, अर्ध्या तासाने फ्रेम घसरतात, बंद करून पुन्हा उघडला की ठीक. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की सामान साध्या रॅममध्ये जातं आणि तिथून येण्याजाण्यात वेळ जातो. यावर उपाय टेक्स्चर क्वालिटी (भिंती, कपडे अशा पृष्ठभागांवरच्या चित्रांचा दर्जा) एक पायरी खाली आणणं. ती फक्त मुख्य मेन्यूतून बदलता येते, खेळ चालू असताना नाही. बरेच जण तिथेच चाचपडतात.

आणि रॅम. एका स्टिकवर प्रोसेसरला मेमरीकडे जायला एकच रस्ता मिळतो, दोन स्टिकवर दोन. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये आम्ही त्याच वेगाची आठ जीबीची दुसरी स्टिक बसवली. मागचं झाकण उघडायचं, बॅटरीची पिन काढायची, स्टिक तिरकी खोचून कट्ट आवाज येईपर्यंत खाली दाबायची. वीस मिनिटांचं काम. सेटिंग एकही बदलली नव्हती, तरी जिग-जिग स्ट्रीटवर आलेखाचे सुळके बहुतेक नाहीसे झाले. तो मग एकेक सेटिंग वर नेत बसला.

पायरी ५: आता सेटिंग

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तोच रस्ता पुन्हा चाला. कार्ड अडत असेल तर रे ट्रेसिंग आणि त्याचा आणखी जड प्रकार पाथ ट्रेसिंग बंद करून सुरुवात करा. मग स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्स, म्हणजे प्रतिबिंबं. 'सायको' या सगळ्यात वरच्या पायरीवर ती कार्ड खाऊन टाकतात, आणि हाय किंवा लोवरचा फरक ओल्या रस्त्यावर थांबून पाहिलात तरच जाणवतो. त्यानंतर व्हॉल्युमेट्रिक फॉग (धुकं), ढग आणि सावल्या मीडियमवर आणा. टेक्स्चर मात्र व्हीरॅम पुरत असेल तर हायवरच ठेवा. त्याने फ्रेम फारसे कमी होत नाहीत आणि शहर देखणं राहतं.

प्रोसेसर अडत असेल तर क्राउड डेन्सिटी (रस्त्यावरची गर्दी) मीडियम किंवा लो करा. रस्ते थोडे रिकामे वाटतील, पण झटके कमी होतील. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून पुढच्या मिश्र कोअरच्या प्रोसेसरसाठी गेमप्लेच्या पानावर पी-कोअरना (जास्त ताकदीच्या कोअरना) प्राधान्य देण्याचा पर्याय आहे, एएमडीसाठी एसएमटीचा, म्हणजे एका कोअरकडून एकदम दोन कामं (थ्रेड) करून घेण्याचा. तो एएमडीचा, म्हणजे रायझन प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचा, पर्याय पाहिला की मला डिसेंबर २०२० आठवतो. रायझनवर गेम सगळे थ्रेड वापरत नव्हता, तेव्हा खेळणाऱ्यांनीच मुख्य फाइलमधले काही बाइट हाताने बदलून तो अडथळा काढला. काही दिवसांत आलेल्या १.०५ पॅचने सहा कोअरपर्यंतच्या रायझनसाठी ती दुरुस्ती अधिकृत केली. आज फाइलला हात लावायची गरज नाही.

पायरी ६: डीएलएसएस, एफएसआर आणि बनवलेले फ्रेम

डीएलएसएस, एफएसआर आणि एक्सईएसएस या तिन्ही युक्त्या लहान चित्र काढून ते मोठं करतात. १०८० पिक्सेलच्या चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. डीएलएसएस 'क्वालिटी'वर ठेवलं की गेम आतून ७२० पिक्सेलचं, म्हणजे सुमारे ९.२ लाख ठिपक्यांचं चित्र काढतो आणि बाकीचं भरून घेतो. कार्डाला काढावे लागणारे ठिपके निम्म्याहून कमी होतात. एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड असेल तर डीएलएसएस घ्या. नसेल तर एफएसआर किंवा एक्सईएसएस दोन्ही वापरून पाहा आणि डोळ्यांना बरं वाटेल ते ठेवा. १०८०च्या पडद्यावर 'परफॉर्मन्स'ला जाऊ नका. मूळ चित्र ५४० पिक्सेलचं होतं आणि तारा, जाळ्या, केस लुकलुकायला लागतात. आणि हे सगळं कार्डाचा भार हलका करतं. प्रोसेसर अडत असेल तर फायदा नगण्य.

फ्रेम जनरेशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आधीच ५०-६० फ्रेम मिळत असतील तरच चालू करा. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये ते एक बनवलेलं चित्र घालतं. आकडा फुगतो, पण माउस हलवल्यावर गेम प्रतिसाद देतो तो खऱ्या फ्रेमच्याच हिशोबाने, वर थोडा उशीरही होतो. ३० चे ६० केलेत तर दिसायला ६० आणि हाताला ३०.

पायरी ७: फ्रेमला लगाम घाला

तुमच्या सगळ्यात वाईट जागी ४८ मिळत असतील तर ४५ वर मर्यादा घाला. रिव्हाट्यूनरमध्ये ती नेमकी बसते. पडदा १२० हर्ट्झचा असेल तर ४० ही फार सोयीची जागा आहे. एक चित्र २५ मिलिसेकंदांचं, म्हणजे ३० आणि ६० यांच्या बरोबर मधलं, आणि १२० ला नि:शेष भाग जातो. कार्ड धापा टाकत नाही, पंखा शांत राहतो.

पायरी ८: अर्ध्या तासाने पुन्हा बघा

२.० अपडेट येण्याआधी स्टुडिओतल्या एका प्रोग्रामरने लोकांना आपापली कूलिंग व्यवस्था तपासून घ्यायला सांगितलं होतं. आठ कोअरच्या प्रोसेसरवर ९० टक्के भार अपेक्षित धरा, असं तो म्हणाला होता. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा ही सूचना फार खरी वाटते. म्हणून पहिल्या पाच मिनिटांचे आकडे लिहून ठेवा, अर्धा तास खेळा, आणि त्याच चौकात परत या. फ्रेम घसरले, कार्डाचा किंवा प्रोसेसरचा क्लॉक (काम करण्याचा वेग) खाली आला आणि तापमान मर्यादेला टेकलं असेल, तर मशीन स्वतःला वाचवायला वेग कमी करत आहे. लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, मागची बाजू दोन बोटं उंच करा, जाळीतली धूळ ब्लोअरने काढा. त्या वेळी पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, गरगर फिरू देऊ नका. दोनतीन वर्षं जुना असेल तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या.

भाच्याच्या लॅपटॉपच्या जाळीतून निघालेली धूळ वर्तमानपत्रावर मूठभर साचली. त्याने ती दारात नेऊन झटकली आणि परत आल्या आल्या विचारलं, "आता तोच रस्ता पुन्हा मोजू ना गं आत्या?"