पीयूसीत मार्क कमी पडले? मोठ्या विद्यापीठाकडे जाताना या चुका टाळा

पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की बेळगावात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आता इथंच बी.एस्सी. करूया, सेकंड इयरला ट्रान्सफर घेऊन दिल्लीला जाऊया की." मी ते इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

आपल्याकडे मध्येच विद्यापीठ बदलणं नियमात बसतं, प्रत्यक्षात क्वचित घडतं. एका विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट साठवून दुसरीकडे वापरायची सोय, क्रेडिट बँक, 2021 पासून आहे. पण समोर दुसऱ्या वर्षाची जागा रिकामी हवी, विषय जुळायला हवेत. आपल्या बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या दोन सेमचे पेपर दिल्लीच्या पेपरांशी ताडून बघायला सहसा कुणी बसत नाही.

त्यापेक्षा सरळ पहिल्या वर्षाला पुन्हा बसा. 2022 पासून दिल्ली विद्यापीठाचे बहुतेक पदवी प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावीचे मार्क पात्रतेपुरते आणि दोघांचे गुण सारखे आले तर. बारावी कुठल्या साली झाली, याची परीक्षेला अट नाही. पेपर मराठीत किंवा कन्नडमध्येही देता येतो. तरी 52 टक्केवाला "आपल्याला कोण घेतंय" म्हणत फॉर्मच भरत नाही. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. घरचे "एक वर्ष वाया" म्हणतील, म्हणू देत. (आयआयटीच्या बी.टेक.चं वेगळं आहे. तिथं खुल्या गटाला बारावीत 75 टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाईलमध्ये नाव लागतं.)

वर्ष घालवायचं नसेल तर पदवी इथंच पुरी करा आणि एम.ए., एम.एस्सी.ला सीयूईटी-पीजीतून जेएनयू किंवा हैदराबाद केंद्रीय विद्यापीठ गाठा. निवडीत पीयूसीचे मार्क मोजत नाहीत. घोळ होतो तो दोन ठिकाणी. फॉर्म डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतो, सहाव्या सेमच्या परीक्षेच्या कितीतरी आधी, आणि आपली पोरं निकालाची वाट बघत बसतात. दुसरं, दुसऱ्या सेमचा राहिलेला एखादा विषय. "काढतो की नंतर" म्हणत तो तसाच राहतो आणि तात्पुरता मिळालेला प्रवेश त्याच एका विषयापायी जातो.

टीसीची गोष्ट माझ्या अंगाशी आलेली. नव्या ठिकाणची यादी लागायच्या आतच मी जुन्या कॉलेजातून टीसी काढला. यादीत नाव नव्हतं. जुन्या कॉलेजनं परत घ्यायला नकार दिला आणि भरलेली फी गेली ती गेलीच. सीट पक्की झाल्यावर, फीची पावती हातात आल्यावरच टीसी आणि विद्यापीठ बदलायच्या मायग्रेशन दाखल्याकडे वळा.

पुण्या-कोल्हापुरात इंजिनिअरिंगला जायचं असेल, तर महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या प्रवेश अर्जात सीमाभागाचा प्रकार शोधा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या 865 गावांच्या वादग्रस्त भागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी तो वेगळा ठेवलेला आहे. खानापूर-निपाणीकडची कित्येक पोरं पत्ता कर्नाटकचा म्हणून सरळ परराज्याच्या रकान्यात जाऊन बसतात. वास्तव्याचा आणि मातृभाषेचा दाखला आधीच काढून ठेवा. ऐनवेळी तहसील कचेरीत साहेब भेटत नाहीत.

आणि नाव तपासा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर नुसती इनिशियल, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण, असं असेल तर दुरुस्ती आत्ताच टाका. कौन्सेलिंगच्या आठवड्यात ती होत नाही.