युद्धोत्तर जर्मन हेल्मेट आणि त्यांच्या खोळी: ओळखायच्या कशा, जमवायच्या कशा

जर्मन हेल्मेटच्या बाजारात नवखा माणूस फसतो तो घाटामुळे. कानांवर उतरलेली, मानेकडे पसरलेली ती ओळखीची कड दिसली, की विकणारा "दुसऱ्या महायुद्धातलं" म्हणतो आणि घेणारा मान डोलावतो. प्रत्यक्षात 1945 नंतरच्या जर्मनीत दोन वेगळी सैन्ये होती, शिवाय पश्चिमेचे सीमा दल होते, आणि या प्रत्येकाचे हेल्मेट निराळे. त्यामुळे पहिला नियम एकच: हेल्मेट हातात आले की आधी उलटे करा.

आधी कुळी ठरवा

पश्चिम जर्मनीचे सीमा दल 1951 मध्ये उभे राहिले. त्याने बरीच वर्षे युद्धकाळातल्याच घाटाची हेल्मेट वापरली. बुंडेसवेअर, म्हणजे पश्चिम जर्मनीचे सैन्य, 1955 मध्ये स्थापन झाले आणि त्याने मात्र अमेरिकी सैन्याच्या एम-1 हेल्मेटचा गोलसर घाट घेतला. सुरुवातीची काही हेल्मेट अमेरिकी पद्धतीने दोन भागांची होती. पुढे एकाच पोलादी कवचाचे हेल्मेट रूढ झाले. त्यात चामड्याचा लायनर, म्हणजे डोक्याला टेकणारे अस्तर, आत, माथ्याशी, स्क्रूने धरलेला असतो. उलटे केल्यावर हा स्क्रू दिसला आणि अमेरिकी हेल्मेटसारखे सुटे आतले कवच नसेल, तर बुंडेसवेअरचे असण्याची शक्यता चांगली. ऑस्ट्रियाची हेल्मेटही याच घाटाची असतात, तेव्हा आतला ठसा वाचल्याशिवाय निर्णय देऊ नका.

पूर्व जर्मनीच्या सैन्याने, म्हणजे एनव्हीएने, 1956 मध्ये वेगळाच घाट स्वीकारला: माथ्यापासून कडेपर्यंत एका उतारात आलेला, जवळजवळ शंकूसारखा. हा आराखडा युद्धकाळात तयार झाला होता, पण तेव्हा सैन्याने घेतला नव्हता. हार्त्स पर्वतराजीतल्या थाले गावच्या लोखंडाच्या कारखान्यात ही हेल्मेट बनली. थालेतच युद्धकाळातलीही हेल्मेट बनत होती, त्यामुळे कारखान्याच्या नावावरून काळ ठरवू नका. एनव्हीएच्या हेल्मेटात वेळोवेळी आतला लायनर बदलला आणि त्याबरोबर रिव्हेटची जागाही. म्हणून रिव्हेट किती आणि कुठे, हे विकत घेण्याआधी नीट पाहा. कवच एका काळाचे आणि लायनर दुसऱ्या काळाचा, अशी जोडणी खूप आढळते.

1992 नंतर बुंडेसवेअरने पोलाद सोडून आरमिड, म्हणजे केव्हलारसारख्या मजबूत कृत्रिम, तंतूंचे हेल्मेट आणले. मूळच्या ब्राऊनश्वाइगच्या शूबर्ट कंपनीचे नाव त्यावर बऱ्याचदा दिसते. कानांकडे फुगवटा असल्याने हे दुरून जुन्या जर्मन घाटासारखे वाटते, पण खरा वंश अमेरिकी सैन्याच्या 1980 च्या दशकातल्या हेल्मेटचा. इथे ओळखायला खिशातले चुंबक पुरते: चिकटले तर पोलाद, नाही तर आरमिड.

मग ठसे वाचा

बॅटरी तिरकी धरा. समोरून प्रकाश टाकला तर उठावाचे ठसे दिसत नाहीत. बाजूने टाकला की आकडे सावलीत उभे राहतात. कडेच्या आत, मानेच्या बाजूला आणि लायनरच्या चामड्यावर शोधा. उत्पादकाची खूण, माप आणि साल यांपैकी काहीतरी सापडतेच. कवच जुने आणि लायनरवर 1950 च्या दशकातले साल, असे असेल तर ते नंतर पुन्हा बसवून वापरलेले हेल्मेट आहे. यात वाईट काही नाही, त्याचाही एक इतिहास आहे. वाईट तेव्हा, जेव्हा विकणारा नवे चिन्ह चिकटवून ते युद्धकाळातले म्हणून दामदुप्पट भावाने देतो. युद्धकाळातल्या नाझी चिन्हांचे जर्मनीत सार्वजनिक प्रदर्शन जर्मन दंड संहितेच्या कलम 86अ खाली गुन्हा ठरू शकते, हेही ध्यानात असू द्या.

नाटो पद्धतीचा तेरा आकडी पुरवठा क्रमांक मिळाला तर काम सोपे होते. 8470 हा वैयक्तिक संरक्षक साहित्याचा वर्ग, आणि त्यानंतरचा 12 हा जर्मनीचा संकेत. 12 च्या जागी दुसरा आकडा असेल तर माल दुसऱ्या देशाचा.

खोळ हेल्मेटपासून वेगळी तपासा

खोळ आणि हेल्मेट एकाच फोटोत विकायला ठेवलेले असले, म्हणून ते एकत्र वापरले गेले असे नाही. खोळ काढायला लावा.

एनव्हीएची लपण्यासाठीची (कॅमोफ्लाज) नक्षी ओळखायला सोपी: राखाडीसर कापडावर तपकिरी, उभ्या, तुटक रेघा. 1960 च्या दशकात ती आली आणि सैन्य संपेपर्यंत टिकली. बुंडेसवेअरने आधी काही काळ कापल्यासारख्या कडांची नक्षी वापरली, नंतर बराच काळ साधा ऑलिव्ह रंग आणि जाळी. पाच रंगांची ठिपक्यांची नक्षी, म्हणजे फ्लेकटार्न, 1970 च्या दशकात विकसित झाली, पण सैनिकांच्या अंगावर सर्रास आली ती 1990 च्या आसपास. त्यामुळे 1970 च्या पोलादी हेल्मेटवर "त्याच काळातली" फ्लेकटार्न खोळ कोणी दाखवली तर हसतमुखाने पुढे चालायला लागा.

फ्लेकटार्नच्या नकला ढिगाने मिळतात. शिवणीची कड उलगडून पाहा. खरोखर वापरलेल्या खोळीत उघडा भाग फिकट आणि शिवणीखालचा रंग गडद राहतो. मुद्दाम धुऊन जुनी केलेली खोळ सगळीकडून सारखीच विटलेली असते. बसतेही का ते तपासा. आरमिड हेल्मेटची खोळ गोल पोलादी कवचावर कानांकडे लोंबते.

घ्यायचे कुठे आणि भाव कसा

एनव्हीएचे सैन्य ऑक्टोबर 1990 मध्ये विसर्जित झाले आणि साठा बाजारात आला. म्हणून साध्या एनव्हीए हेल्मेटला मोठी किंमत देऊ नका. सुरुवात करायला हेच उत्तम. जर्मनीत राहणाऱ्यांनी रविवारचे जुने बाजार पाहावेत, बर्लिनचा माउअरपार्क त्यांपैकी एक. त्याआधी ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयात खरे नमुने डोळ्यांखालून घाला. भारतात मागवायचे असेल तर आधी कस्टम्सची विचारपूस करा, आणि आरमिड हेल्मेटला निर्यात परवाना लागतो का हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

जपणे

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लायनरच्या चामड्यावर चार दिवसांत बुरशी येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधी बांधू नका, सुती कापडात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. बुरशी आलीच तर हेल्मेट हवेशीर सावलीत सुकवून मऊ ब्रशने झाडा; ओल्या फडक्याने पुसू नका आणि चामड्याला खोबरेल तेल लावण्याचा मोह टाळा. खोळ हेल्मेटवर चढवून ठेवू नका, कारण गंजाचे डाग कापडात शिरतात आणि निघत नाहीत. रंग खरवडणे, नवा देणे, सँडपेपर मारणे हे तर अजिबात नको. मूळ रंग गेला की हेल्मेटचा निम्मा पुरावा गेला.

प्रत्येक वस्तूसाठी एक कार्ड ठेवा: कुठून घेतली, केव्हा, किती रुपयांना, आतले ठसे अक्षर न अक्षर, आणि खोळ मूळची होती की नंतर जोडली. ठशांचे तिरक्या प्रकाशातले फोटोही कार्डाला जोडून ठेवा.