मासे दाखवणारी सोनार मशीन घ्यायची का? पैसे काढायच्या आधी दोरी घेऊन पाण्यावर जा

सध्या मोबाईलवर बर्फातल्या मासेमारीचे व्हिडिओ लय फिरून राहिले. तिकडं अमेरिका-कॅनडात तलाव गोठला का बर्फाला भोक पाडतात, गळ सोडतात, अन् बाजूच्या स्क्रीनवर मासा गळाकडं येताना जसाच्या तसा दिसतो. ते पाहून आमच्या मच्छीमार संस्थेतली दोन-तीन पोरं रोज विचारतात, भाऊ, आपण घ्यायची का ही मशीन. सविस्तर लिहितो, कारण ढिवराच्या घरातून एवढा पैसा एकदा गेला का तो भरून निघायला वर्षं लागतात.

मशीन काय करते ते आधी समजून घ्या. ती पाण्यात आवाज सोडते, तो सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, तळाला अन् माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला आदळून परत येतो, त्यावरून चित्र बनते. साधी मशीन फक्त डोंग्याखालचं दाखवते. व्हिडिओतली लाइव्ह सोनार आहे, गार्मिन कंपनीची लाइव्हस्कोप 2018 साली आली तेव्हापासून तिचं वेड वाढलं, ती बाजूलाही पाहते अन् हलता मासा दाखवते. बर्फावर तिचा उपयोग खराच मोठा आहे, कारण तिथं माणूस एका भोकावर बसलेला असतो, नवीन भोक पाडायचं म्हणजे मेहनत, मग मासा कोणत्या बाजूला आहे ते आधी कळलं तर भोक तिकडंच पाडता येते. आपल्याकडं डोंगा आहे, चार वल्हे मारले का जागा बदलली. म्हणजे ज्या अडचणीसाठी ते लोक एवढा पैसा मोजतात ती अडचण आपल्याला नाहीच.

आता आपलं पाणी पाहा. एक दोरी घ्या, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारा, खाली दगड बांधा अन् जिथं जिथं जाळं लावता तिथं दहा-पंधरा ठिकाणी खोली मोजून वहीत लिहा. भंडारा-गोंदियाचे आपले बहुतेक मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) गाळानं भरलेले, कुठं दोन मीटर, कुठं तीन, अन् होळीपर्यंत कितीतरी ठिकाणी कमरेएवढं. साध्या मशीनचा आवाज टॉर्चच्या उजेडासारखा खाली पसरत जातो. 20 अंशाचा झोत धरला तर 2 मीटर पाण्यात तळावर जेमतेम 70 सेंटिमीटरचा गोल दिसतो, 10 मीटर खोलीवर साडेतीन मीटरचा. तेवढ्या उथळ पाण्यात डोंगा वर आला का मासा बाजूला होते, मशीन काय दाखवणार? वरून बेशरमाची झुडपं, कमळाचे देठ, गाळातून सुटणारे बुडबुडे, हे सगळं तिला मासाच वाटते. मरळ तर श्वास घ्यायला स्वतःच वर येते, तिची लालसर पिल्लं थव्यानं वर फिरतात, तिच्यासाठी नजरच पायजे (अन् पिल्लं सोबत असली तर तिला सोडा, पुढच्या वर्षीची मरळ तीच आहे). मामा तलावासाठी कोणतीच मशीन घेऊ नका, माझं स्पष्ट मत आहे.

गोसीखुर्द, इटियाडोह, ऊर्ध्व वर्धा अशा मोठ्या धरणाची गोष्ट वेगळी. एका ओळखीच्या माणसाची साधी मशीन मी इटियाडोहवर दोन दिवस वापरली, माशापेक्षा तळानंच जास्त शिकवलं. जुन्या नदीचं पात्र कुठून जाते, झाडाचे बुंधे कुठं उभे आहेत ते कळते, अन् बुंध्यात फाटलेलं एक जाळं काय पडते ते आपल्याला माहीत आहे. तळ कडक असला तर खाली दुसरी रेघ उमटते, मऊ गाळ असला तर जाड फिकट पट्टा येतो. दुसरं, उन्हाळ्यात खोल पाण्यात तळाशी ऑक्सिजन संपते, मासा मधल्या थरात येऊन थांबते, अन् आपण जाळं सवयीनं तळाला लावतो अन् रिकामं काढतो. मासा किती खोलीवर आहे हे कळलं तर जाळं तेवढंच वर बांधता येते. मला मशीनचा खरा फायदा हाच वाटला.

तरी लगेच घेऊ नका. पंधरा खेपा वही ठेवा. ज्या दिवशी रिकामं आलो त्या दिवशी काहून आलो ते लिहा: मासा सापडला नाही, का मासा होता पण गळाला लागला नाही, का वारा होता, का जाळं जुनं होतं, का मासा भेटला पण व्यापाऱ्यानं भाव पाडला. मशीन फक्त पहिल्या कारणावर काम करते. पंधरात दोन-तीनदाच तसं झालं असेल तर त्या पैशात नवं जाळं अन् बर्फाची पेटी घ्या.

हिशोब असा मांडा. समजा साधी मशीन बॅटरीसकट 17,000 ला पडली, तीन वर्षं चालली अन् वर्षाला 80 दिवस पाण्यावर गेलात, तर दिवसाचे 71 रुपये झाले. रोहूला 150 भाव धरला तर रोज अर्धा किलो जास्त मासा पायजे, हे जमण्यासारखं आहे. लाइव्ह सोनार स्क्रीन, बॅटरी सगळं धरून अडीच लाखाला पडली समजा, तर दिवसाचे 1,042 होतात, म्हणजे रोज सात किलो जास्त, तीन वर्षं, एकही दिवस न चुकता. भाव अन् दिवस तुमचे टाकून पाहा.

घ्यायच्या आधी कोणाची तरी मागून आपल्याच पाण्यात चालवा. माशाचं चित्र दाखवणारी सेटिंग बंद करा, ती बुडबुड्यालाही मासा बनवते, कच्च्या रेघा वाचायला शिका. मासा झोतातून जाते तेव्हा कमान दिसते, खालीच थांबला तर लांब रेघ, त्यामुळे कमान मोठी म्हणजे मासा मोठा असं धरू नका. मे महिन्याच्या उन्हात स्क्रीन वाचता येते का ते दुपारी बारा वाजता पाहा, दुकानात नाही. बॅटरीचे व्होल्ट अन् अँपिअर-अवर गुणा, 12 व्होल्ट 7 ची बॅटरी म्हणजे 84 वॉट-तास, मशीन 20 वॉट खात असेल तर चार तासात संपली. अन् बिघडली तर दुरुस्ती कुठं होते ते लेखी विचारा, बाहेरून मागवलेल्या मालात लोक इथंच फसतात.

आमच्या संस्थेत सध्या असं ठरलं का पाच डोंग्यांत मिळून एक साधी मशीन, ती फक्त धरणावर न्यायची, अन् दिवाळीनंतर पाणी स्थिर झालं का आधी पूर्ण तळ फिरून बुंध्याच्या जागा वहीत उतरवायच्या. लाइव्हचा विषय तूर्त बंद.