फोनची खाती नव्या डिरेक्टरी सर्व्हरवर नेताना

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या ऑफिसचा तळमजल्यावरचा सर्व्हर चिखलात गेला. बॅकअप माडीवर होता म्हणून ओपनएलडॅप, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड ठेवणारा डिरेक्टरी सर्व्हर, एका जुन्या डेस्कटॉपवर तात्पुरता उभा केला. तो तात्पुरता यंदाच्या मे महिन्यापर्यंत चालला. शेवटी त्याच्या पंख्याची घरघर ऐकवेना, म्हटलं पावसाच्या आत हलवूया.

आमचं फ्रीपीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं फोन एक्सचेंज चालवणारं सॉफ्टवेअर, याच डिरेक्टरीतून ६२ जणांची खाती उचलतं. काम एका दुपारचं. मी ते दोनदा केलं.

पहिल्या खेपेला स्लॅपकॅट या कमांडने सगळ्या नोंदींची मजकूर-फाईल (एलडिफ) काढली आणि नव्या मशीनवर, चालू सर्व्हरमध्ये नोंदी भरणाऱ्या एलडॅपअॅडने चढवायला गेलो. ते सर्व्हरने स्वतः भरलेल्या ओळींवर अडलं, त्यातच एन्ट्री-यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक नोंदीचा कायमचा ओळख क्रमांक. मी शहाणपणा करून त्या सगळ्या ओळी उडवल्या. मग बिनबोभाट चढलं. फ्रीपीबीएक्समध्ये सिंक केलं, म्हणजे डिरेक्टरीतली खाती ओढून घेतली, फोनही वाजत होते. वाजणारच की, फोन जोडणीचा (सिपचा) पासवर्ड फोनमध्ये आणि फ्रीपीबीएक्सच्या पोटातल्या अॅस्टरिस्कमध्ये असतो, डिरेक्टरीला विचारतंय कोण! सकाळी स्विचबोर्डवरच्या ताईंनी हाक मारली, "भाऊ, लॉगिन होतंय, पण आत काहीच नाही. माझे व्हॉइसमेल गेले कुठे?"

व्हॉइसमेल जागेवरच होते, ताईंचं खातं नवं झालं होतं. फ्रीपीबीएक्स माणूस ओळखतं ते नावावरून नाही, त्या एन्ट्री-यूयूआयडीवरून. नव्या सर्व्हरने सगळ्यांना नवे आयडी दिले, सिंकने जुने ६२ गेले असं धरलं आणि एक्सटेन्शन (आतला फोन नंबर) न जोडलेले ६२ नवे आणून बसवले. पीबीएक्सचा बॅकअप होता म्हणून निभावलं. तो आधी घ्या.

म्हणून एलडॅपअॅड नको, थेट डेटाबेसमध्ये लिहिणारं स्लॅपअॅड वापरा. नव्या मशीनवर स्कीमा (नोंदीत कोणते रकाने चालतात ते नियम) आणि बेस डीएन (डिरेक्टरीचा मूळ पत्ता) जुन्यासारखेच ठेवा, स्लॅपडी, म्हणजे ओपनएलडॅपचा सर्व्हर प्रोग्रॅम, बंद करा आणि फाईल जशीच्या तशी चढवा. आयडी टिकतात, पासवर्डचे हॅशही (सांकेतिक रूपं) टिकतात. स्लॅपअॅड रूटने (मशीनच्या मुख्य खात्याने) चालवलं असेल तर डेटाबेसच्या फायली रूटच्या नावावर पडतात आणि स्लॅपडी उठत नाही. डेबियन लिनक्सवर त्या ओपनएलडॅप युजरच्या नावावर करा.

एलडिफ उघडून बघाल तर देवनागरीतली नावं दिसणार नाहीत. दोन वेळा कोलन आणि पुढे चार-के-एस असं काहीतरी अगम्य दिसेल. मी आधी घाबरलो, वाटलं फाईल खराब झाली. ते बेस-६४ आहे, म्हणजे तीच नावं इंग्रजी अक्षरं-अंकांत लिहिलेली, हात लावू नका.

फ्रीपीबीएक्सकडे वळण्याआधी त्याच्याच मशीनवरून, ते डिरेक्टरीत शिरायला वापरतं त्याच (बाइंड) खात्याने एलडॅपसर्च, म्हणजे डिरेक्टरीत शोध, करून डोकी मोजा. आमची ६२ भरली तेव्हाच पुढे गेलो. मग फ्रीपीबीएक्सच्या युजर मॅनेजरमध्ये नवी डिरेक्टरी जोडत बसू नका, जुन्याच नोंदीत होस्टचा पत्ता बदला. साधा पोर्ट ३८९, टीएलएसचा (कूटबद्ध जोडणीचा) ६३६. टीएलएस असेल तर सर्टिफिकेटवरचं नाव आणि होस्टचं नाव जुळायला हवं, तिथे आयपी टाकून भागत नाही. बदल करेपर्यंत आपोआप होणारं सिंक बंद ठेवा, नंतर एकदा हाताने चालवा आणि एका माणसाला लॉगिन करायला सांगा. मी ताईंनाच सांगितलं.

जुना डेस्कटॉप अजून पुसलेला नाही. वायर काढून ठेवलाय, माडीवर.