रडार सेन्सर वाळू सोडून स्वतःचं झाकणच मोजतोय? आधी हे करून बघा

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत वाळूच्या हॉपरवर (वाळू साठवायच्या टाकीवर) २४ गिगाहर्ट्झचा छोटा रडार सेन्सर बसवला होता, आत वाळू किती उरली ते कळायला. टेबलावर झकास चालला, वर चढवला तर हॉपर रिकामा असो नाहीतर भरलेला, वाळू आपली तोंडाशीच दाखवतोय. बोर्डच गेलाय म्हणून दुसरा मागवणार होतो, बरं झालं थांबलो.

होतं काय, टीएक्स (सिग्नल सोडणारा) आणि आरएक्स (परत घेणारा) अँटेना एकाच बोर्डवर शेजारी, त्यामुळं थोडा सिग्नल बाहेर न जाताच पलीकडं झिरपतो, हेच कपलिंग. अंतर जवळपास शून्य म्हणून स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या अंतरावरून किती सिग्नल आला त्या आलेखात, सुरुवातीलाच मोठा पीक, म्हणजे सुळका, येतो (शेतातलं नव्हे) आणि जवळची वाळू त्याच्याखाली दडते. २५० मेगाहर्ट्झ बँडविड्थला (सेन्सर जेवढ्या फ्रिक्वेन्सीत फिरतो ती रुंदी) आलेखातला एक खानाच ६० सेंटीमीटरचा, म्हणजे तेवढ्या अंतरातलं सगळं एकाच खान्यात.

पहिलं काम, सेन्सर गच्चीवर न्या, तोंड आभाळाकडं करा, झाकण काढून एकदा आणि झाकण लावून एकदा रीडिंग सेव्ह करा. झाकण लावल्यावर पीक वाढला तर बोर्डला शिव्या देऊ नका, दोष झाकणाचा. माझं तेच निघालं.

झाकणाची जाडी प्लास्टिकच्या आतल्या अर्ध्या वेव्हलेंग्थएवढी (लहरीच्या लांबीएवढी) ठेवायची, २४ गिगाहर्ट्झला पॉलिथिलीन असेल तर साधारण ४ मिलिमीटर. कार्बन घातलेलं काळं प्लास्टिक नको, मेटॅलिक पेंट तर अजिबात नको. मग अँटेनापासूनचं अंतर. हवेत वेव्हलेंग्थ साडेबारा मिलिमीटर, म्हणून झाकण मागंपुढं केलं की दर सव्वासहा मिलिमीटरला पीक चढतो-उतरतो. मी स्क्रूखाली एम३चे वॉशर एकेक वाढवत गेलो, एक वॉशर अर्ध्या मिलिमीटरचा, आणि प्रत्येक वेळी स्क्रीन बघत बसलो, सातव्या वॉशरला पीक एकदम खाली बसला. तुमचा आकडा वेगळा येईल, पण मोजूनच ठरवा.

तरीही राहिलं तर दोन अँटेनांच्या मध्ये मायक्रोवेव्ह शोषून घेणारा अ‍ॅब्सॉर्बर फोम चिकटवा, पट्टी अँटेनाच्या पॅचवर (बोर्डवरच्या तांब्याच्या चौकोनांवर) येऊ देऊ नका. बोर्ड स्वतः डिझाइन करत असाल तर अँटेना लांब ठेवा आणि मधे ग्राउंड वायांची (ग्राउंडला जोडलेल्या तांब्याच्या भोकांची) रांग टाका.

सॉफ्टवेअर शेवटी. रिकाम्या हॉपरचं रीडिंग साठवून वजा करायचं, हॅन विंडो लावायची, म्हणजे मोठ्या पीकचा पसारा आजूबाजूला कमी होतो. पण एडीसीच (सिग्नलचे आकडे करणारा भाग) सॅच्युरेट होत असेल, म्हणजे सिग्नल त्याच्या मर्यादेबाहेर जात असेल, तर वजाबाकीनं काही होत नाही, आधी गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) कमी करा. तापमान बदललं की साठवलेलं रीडिंगही जुनं होतं.

आणि आपल्याकडचा पावसाळा! झाकणावर ओल धरली की ग्रीन सँडमधली (साच्यांसाठीच्या ओलसर वाळूतली) कोळशाची पूड त्यावर थापली जाते, पाण्याचा थर तर आरशासारखाच. म्हणून झाकण थोडं तिरकं बसवलंय आणि हॉपर रिकामा झाला की ऑपरेटर आधी फडकं मारतो, मग नवीन रीडिंग सेव्ह करतो.