कॅलेडियम: रंगीत पानांची निगा आणि कंदाची विश्रांती

लाल, गुलाबी किंवा हिरव्या शिरांची जाळी मिरवणाऱ्या हृदयाकृती पानांमुळे कॅलेडियमची कुंडी लगेच नजरेत भरते. मात्र काही महिन्यांनी हीच पाने एकामागून एक पिवळी पडून माना टाकतात आणि झाड मेले असे समजून अनेक जण कुंडी रिकामी करतात. मातीखालचा कंद त्या वेळी बहुधा जिवंतच असतो. अळूच्या कुळातील ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील असून प्रतिकूल ऋतूत पाने टाकणे आणि कंदाच्या आधाराने तग धरणे हा तिचा स्वभावच आहे. म्हणून तिची निगा राखताना पानांइतकेच लक्ष कंदाकडेही द्यावे लागते.

लागवडीसाठी कठीण व भरीव कंद निवडावा. माती उबदार, शक्यतो 20 अंश सेल्सिअसच्या वर, झाल्याशिवाय तो लावू नये, कारण थंड आणि ओल्या मातीत कोंब येण्याआधीच कंद कुजू लागतो. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू किंवा परलाईट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज दाणे) असे मिश्रण ओल धरते आणि जादा पाणीही सोडून देते. डोळे असलेली खडबडीत बाजू वर ठेवून कंदावर 4 ते 5 सेंटिमीटर मिश्रण पसरावे. कंद उलटा लावला गेला तरी कोंब वळसा घेऊन वर येतो, फक्त त्याला वेळ अधिक लागतो. मधला मोठा डोळा चाकूच्या टोकाने अलगद काढून टाकल्यास बाजूचे डोळे फुटतात व पाने आकाराने लहान, पण संख्येने अधिक येतात. भरगच्च कुंडी हवी असेल, तर हा उपाय जरूर करावा.

पानांचा रंग किती खुलतो हे मुख्यतः प्रकाशावर ठरते. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य अत्यल्प असते. त्यामुळे फिकट जातींची पाने कडक उन्हात लवकर करपतात, तर गडद सावलीत देठ लांबून झुकतात आणि रंग मंदावतो. गाळीव प्रकाश किंवा सकाळचे कोवळे ऊन बहुतेक जातींना मानवते. रंग फिके पडताच अधिक खत घालण्याचा मोह होतो, पण नत्र जास्त झाल्यास पान उलट हिरवेच होत जाते. म्हणून संतुलित द्रवखत निम्मे पातळ करून महिन्यातून एकदाच द्यावे.

वाढीच्या काळात माती सतत ओलसर असावी, परंतु कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. पहाटे पानाच्या टोकाशी दिसणारे थेंब हा रोग नव्हे, झाड जादा पाणी बाहेर टाकत असते. फुले दिसताच खुडावीत. झाडाच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते खाल्ल्यास तोंडाची व घशाची तीव्र आग होते. त्यामुळे कुंडी लहान मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी व कंद हाताळताना हातमोजे घालावेत.

पाने पिवळी पडू लागली, की पाणी हळूहळू कमी करावे. हिरवी पाने कापण्याची घाई मात्र कटाक्षाने टाळावी, कारण पुढच्या हंगामाचा अन्नसाठा ती याच काळात कंदात भरत असतात. सर्व पाने वाळल्यावर कंद कोरड्या कुंडीतच राहू द्यावा किंवा जखम न करता उकरून आठवडाभर सावलीत सुकवावा. मग कोरड्या कोकोपीटमध्ये किंवा लाकडाच्या भुशात, एकमेकांना न चिकटतील असे कंद ठेवून ते साधारण 16 ते 21 अंश तापमानात, हवा खेळती राहील अशा खोक्यात साठवावेत. फ्रिजमधील थंडी त्यांना सोसत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक कंद तपासून मऊ पडलेला बाजूला काढावा. उबदार दिवस परतल्यावर डोळे फुगू लागलेले दिसले, की कंद पुन्हा नव्या मिश्रणात लावावा आणि कोंब वर येईपर्यंत पाणी अगदी बेताने द्यावे.