पहिल्या पेरणीआधी: लहान शेतीच्या तयारीची यादी

जमीन ताब्यात आली की नवख्या माणसाचे पाय आधी अवजारांच्या दुकानाकडे वळतात. माझ्या यादीत मात्र पहिले काम पाणी मोजण्याचे आहे, आणि तेही कोरड्या हंगामाच्या अखेरीस, कारण पावसाळा सरताच मोजलेला आकडा भुलवतो. 20 लिटरची बादली पंपाच्या पाइपाखाली धरावी. ती 10 सेकंदांत भरली, तर तासाला 7,200 लिटर पाणी मिळते. कडक उन्हात पिकाची गरज दिवसाला 5 मिलिमीटर धरली, तर 1,000 चौरस मीटरला रोज 5,000 लिटर लागतात, म्हणजे पाऊण तासाच्या आत काम भागते. पण पंप तेवढा वेळ सलग चालतो की मध्येच हवा ओढू लागतो, आणि खाली गेलेली पातळी दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येते का, हे लागोपाठ चार दिवस पाहिल्याखेरीज पीक ठरवू नये.

मातीचा नमुना पेरणीच्या दीड-दोन महिने आधी तपासणीला द्यावा. त्यासाठी बांध, झाडाची सावली आणि जुना उकिरडा टाळून, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी सुमारे 20 सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत, त्यांच्या कडेची माती वरपासून तळापर्यंत सारखी खरवडावी, ती मिसळून चार भाग करावेत आणि समोरासमोरचे दोन भाग टाकत टाकत अर्धा किलो माती उरवून सावलीत वाळवावी. अहवालातील सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्ल-विम्लतेचे माप) 6.5 ते 7.5 च्या दरम्यान असल्यास बहुतेक पिकांना तो मानवतो.

शेणखत घेताना ढिगात कोपरापर्यंत हात घालावा. आत ऊब लागली किंवा उग्र वास आला, तर खत अजून कुजलेले नाही, आणि त्याबरोबर तणाचे बी व पिकाची मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या शेतात येण्याची भीती असते.

अवजारांत फावडे, कुदळ, खुरपे, विळा आणि पाठीवरचा फवारणी पंप एवढ्यावर पहिले वर्ष निघते. यंत्रे भाड्याने आणावीत. बियाण्यांचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजावे आणि त्यावरून पेरणीचे प्रमाण ठरवावे.

क्षेत्र किती घ्यावे, याचे माझे माप खुरप्याचे आहे: घरच्या माणसांना आठवड्याभरात जेवढे निंदून होईल तेवढेच पेरावे, कारण पिकाच्या कोवळ्या वयातच तण सर्वाधिक मारक ठरते. (पहिल्याच वर्षी सगळी जमीन पेरण्याची हौस निंदणीच्या तिसऱ्या दिवशी फिटते.)

पेरणीच्या दिवशी मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो चिकटून बसला, तर तिफण (पेरणीचे अवजार) त्या दिवशी बाहेर काढू नये. सहज फुटून विखुरला, तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला आहे.